निर्णय सरकारचा, शिव्या मात्र परराष्ट्र सचिवांना

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. पासपोर्टचे फॉर्म, परदेशात नोकरीला जाणाऱ्यांची कागदपत्रं, हे रोजचंच काम, त्यामुळे दुकानात बसून लोक काय काय बोलतात ते सगळं कानावर पडतं. परराष्ट्र सचिव, राजदूत, हायकमिशनर या लोकांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते ऐकून खूप दिवस मनात खदखदत होतं म्हणून हे पत्र लिहितोय.

मे २०२५ आठवा. २२ एप्रिलला पहलगामला २६ जणांना मारलं, त्यानंतर ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्या सकाळी टीव्हीवर तिघं बसले होते, मधे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, एका बाजूला कर्नल सोफिया कुरेशी आणि दुसऱ्या बाजूला विंग कमांडर व्योमिका सिंग. कर्नल कुरेशी आपल्या गोकाक तालुक्यातल्या कोण्णूरच्या सूनबाई, त्यामुळे त्या दिवशी आपल्या जिल्ह्यात काय आनंद होता ते सगळ्यांना माहीत आहे, ज्याच्या त्याच्या स्टेटसला तोच फोटो. आणि १० मेला संध्याकाळी तेच मिस्री परत आले, अगदी थोडक्यात सांगितलं की पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवाया बघणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांनी, दुपारी ३.३५ ला आपल्या डीजीएमओंना फोन केला, ५ वाजल्यापासून जमीन, हवा, समुद्र सगळीकडचा गोळीबार थांबवायचं ठरलं, १२ तारखेला परत बोलणी होतील. एवढंच सांगून उठून गेले. त्यानंतर मोबाईलवर जे काय सुरू झालं ते वाचवत नव्हतं, गद्दार काय, विकला गेला काय, त्यांच्या घरच्यांना, मुलीला सुद्धा त्यात ओढलं, शेवटी त्या माणसाला आपलं एक्सवरचं अकाउंट लॉक करावं लागलं. सात तारखेला ज्या फोटोवर आपण जय हिंद लिहिलं त्याच फोटोतल्या मधल्या माणसाला तीन दिवसांनी शिव्या. आणि त्याच आठवड्यात कर्नल कुरेशींच्या कोण्णूरच्या घरावर हल्ला झाला अशी खोटी पोस्ट पण फिरली, बेळगावच्या पोलिसांना असं काही झालेलं नाही म्हणून खुलासा करायला लागला.

माझ्या दुकानातच एकजण तावातावाने बोलत होता, "काय ओ, आपली फौज जिंकायलेली आणि ह्यो बाबा कोण थांबवणारा?" त्याला राग आला होता तो खोटा नव्हता, आपल्या भागातली किती पोरं फौजेत आहेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावातच आहे, घराघरात काळजी होती. पण प्रश्नच चुकीचा होता. थांबवणारे ते नव्हतेच.

परराष्ट्र सचिव म्हणजे परराष्ट्र खात्यातले सगळ्यात वरचे अधिकारी, फॉरेन सर्व्हिसचे प्रमुख. त्यांच्या वर परराष्ट्र मंत्री, त्यांच्या वर पंतप्रधान. लढायचं की थांबायचं, कुठल्या देशाशी करार करायचा, कुणाचा राजदूत परत पाठवायचा हे ठरवायचं काम निवडून आलेल्या सरकारचं, सुरक्षेच्या बाबतीत पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळाची समिती असते तिथे ते ठरतं. सचिवांनी काय करायचं? ठरायच्या आधी बंद खोलीत खरं काय ते सांगायचं, असं केलं तर अमेरिका काय म्हणेल, चीन काय करेल, आखाती देशातून तेल आणि आपली माणसं यांचं काय होईल, सगळ्या राजदूतांकडून आलेले रिपोर्ट समोर ठेवायचे, पटलं नाही तर पटलं नाही म्हणून फाइलवर लिहायचं. आणि एकदा ठरलं की बाहेर येऊन ते सरकारच्या नावाने सांगायचं, मग स्वतःचं मत काहीही असो. बाहेर बोलताना एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी दुसऱ्या देशात त्याचा अर्थ काढला जातो, म्हणून ते असे कोरडे, मोजकं बोलतात. लोकांना तोच कोरडेपणा खटकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानातल्या बालाकोटवर केलेल्या हवाई हल्ल्याची माहिती पण आधी परराष्ट्र सचिवांनीच दिली होती, तेव्हा विजय गोखले होते, आपले मराठी, त्यांनी सुद्धा कागद बघून ठरलेलं तेवढंच सांगितलं होतं आणि तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे बातमी आवडली की साहेब चांगले, नाही आवडली की वाईट, असं चालतं का?

आपण सीमाभागातली माणसं, आपल्याला तर हा फरक कळायलाच पाहिजे. १९५६ पासून मोर्चे निघतात, निवेदन द्यायचं ते डीसी साहेबांच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात, पण वर नाव असतं सरकारचं, आणि बेळगाव कुठे ठेवायचं हे काही डीसींनी ठरवलेलं नाही हे आपल्या शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. दिल्लीतल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो.

आणि हा मिस्री म्हणजे कुणी काल आलेला माणूस नाही. १९८९ च्या बॅचचे, गुजराल, मनमोहन सिंग आणि मोदी अशा तीन वेगवेगळ्या पंतप्रधानांचे खाजगी सचिव राहिलेले. २०२० ला गलवानमध्ये चिनी सैन्याशी झटापटीत आपले जवान शहीद झाले तेव्हा बीजिंगमध्ये आपले राजदूत हेच होते. सरकार बदललं, पक्ष बदलला तरी हे लोक तिथेच राहून देशाचं काम करतात, कारण मागच्या सरकारने कुणाला काय शब्द दिला, कुठल्या मीटिंगमध्ये समोरचा काय बोलला हे नवीन मंत्र्याला सांगणारं कुणीतरी पाहिजेच.

खोलीत खरं बोलायची किंमत पण मोजावी लागते. जानेवारी १९८७ मध्ये ए. पी. वेंकटेश्वरन परराष्ट्र सचिव होते, राजीव गांधींनी भर पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की लवकरच तुम्हाला नवीन परराष्ट्र सचिव दिसतील. त्यांनी लगेच राजीनामा दिला. २०१५ ला परराष्ट्र सचिव सुजाता सिंग यांची मुदत संपायला अजून महिने बाकी होते तरी त्यांना जायला लागलं. बदलायचा अधिकार सरकारला आहे, त्याबद्दल वाद नाही, पण दोन्ही वेळी देशाच्या सगळ्यात मोठ्या राजनैतिक अधिकाऱ्याला ज्या पद्धतीने जायला लागलं ती मला बरी वाटत नाही. उद्या सचिव झालेला माणूस हे सगळं बघून तोंड बंद ठेवायला शिकला, आणि त्यात पोराबाळांना इंटरनेटवर शिव्या, तर पंतप्रधान कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांना खोलीत नाही म्हणणारं कोण उरणार?

इथल्या जुन्या लोकांना गोव्याचं आठवत असेल. डिसेंबर १९६१, बेळगावात फौजच फौज, इथूनच १७ इन्फन्ट्री डिव्हिजन गोव्यात गेली आणि १९ तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण १८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये युनोच्या सिक्युरिटी कौन्सिलमध्ये भारताला उभं केलं होतं ते कितीजणांना ठाऊक आहे? अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स सगळे पोर्तुगालच्या बाजूने, भारताने सैन्य मागे घ्यावं म्हणून ठराव, त्याला सात मतं पडली, विरोधात चार, आणि त्या चारातलं एक सोव्हिएत रशियाचं व्हेटोवालं म्हणून ठराव पडला. तिथे भारताची बाजू मांडत होते सी. एस. झा, आपले युनोतले प्रतिनिधी, पुढे ते परराष्ट्र सचिव पण झाले. गोवा हा वसाहतवादाचा प्रश्न आहे हे त्यांनी तिथे ठासून सांगितलं. आणि त्याच्या आधीची कितीतरी वर्षं आपण पोर्तुगालशी बोलणी करून बघितली होती, लिस्बनमध्ये आपली कचेरी उघडलेली, पोर्तुगाल बोलायलाच तयार नाही म्हणून १९५३ ला ती बंद केली. सगळं करून झालं होतं हे जगाला दाखवता आलं ते या फाइलीतल्या कामामुळे. इथून ट्रक गेले ते लोकांनी डोळ्यांनी बघितले, तिकडचं भाषण कुणाला दिसलं नाही, एवढाच फरक.

आता माझ्या दुकानातलं सांगतो. आपल्या तालुक्यातली पोरं गोव्यात जातात तशी आखातात पण जातात, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, हॉटेलात. एका ताईंचे मिस्टर तिकडेच वारले. एजंटचा फोन बंद. घरात इंग्रजी येणारं कुणी नाही. मी बसून संमतीपत्र टाईप केलं, मृतदेह भारतात पाठवायला आमची हरकत नाही म्हणून, ते नोटरी केलं, पासपोर्टची झेरॉक्स जोडली, त्यात पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं, म्हणून वेगळं अ‍ॅफिडेव्हिट. मग परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली, हे पोर्टल २०१५ पासून आहे आणि कुणाला माहीतच नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. तिकडचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, एम्बसीचं ना हरकत पत्र, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, हे एवढं सगळं झाल्याशिवाय विमान कंपनी पेटी घेत नाही. काही दिवसांनी एम्बसीतून ताईंना फोन आला, हिंदीतून, अगदी नीट समजावून सांगितलं की अमुक कागद झाला, अमुक राहिला आहे. दाबोळीला विमान उतरलं तेव्हा गावातली पंधरावीस माणसं गेली होती. गरजू लोकांसाठी एम्बसीकडे कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो, २००९ पासून, त्यातून खर्च पण करता येतो. सगळ्यांचा अनुभव असा चांगला असतो असं मी म्हणत नाही, फोन न उचलणाऱ्या कचेऱ्या पण आहेत, त्यांच्याबद्दल जरूर लिहा, नावानिशी लिहा. पण राजदूत म्हणजे कोट घालून पार्टीला जाणारा माणूस असं जे लोक बोलायलेत ना, त्यांनी एकदा त्या ताईंना भेटावं.

पासपोर्टचंच बघा. आधी हुबळीला एक दिवस मोडायचा, आता पोस्टातली केंद्रं झाल्यामुळे बेळगावातच काम होतं. ही पोस्टातली केंद्रं देशभर उघडली गेली तेव्हा परराष्ट्र खात्यात पासपोर्ट-व्हिसाचं काम बघणारे सचिव होते ज्ञानेश्वर मुळे, आपल्या बोरगावपासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे, शेतकऱ्याच्या घरातले. मालदीवला हायकमिशनर, न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल, आणि मग दिल्लीत सचिव. निर्णय सरकारचाच, पण तो गावापर्यंत पोचवायचं काम अशा माणसांनी केलं.

मग सरकारला जाब विचारायचाच नाही का? विचारायचा, कडक विचारायचा. त्यासाठी संसद आहे, खासदार आहेत. १९ मे २०२५ ला शशी थरूर अध्यक्ष असलेल्या संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने मिस्रींना बोलावून प्रश्न विचारलेच, आणि त्याच समितीतले सगळ्या पक्षांचे खासदार त्यांना झालेल्या शिवीगाळीच्या विरोधात एकमताने उभे राहिले. हे मला फार बरं वाटलं. मात्र १० तारखेच्या रात्रीच सरकारातल्या कुणीतरी मोठ्या मंत्र्याने पुढे येऊन "हा निर्णय आमचा आहे, बोलायचं तर आम्हाला बोला" एवढं म्हणायला पाहिजे होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. अखिलेश यादव, ओवैसी यांच्यासारखे विरोधी पक्षातले लोक बोलले, ज्यांनी बोलायचं त्यांनी नाही.

साहेब, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक, परराष्ट्र खात्याची बातमी छापताना "सचिवांनी युद्ध थांबवलं" असल्या धाटणीचं हेडिंग कुठल्याच पेपरने देऊ नये, निर्णय कुणाचा आणि सांगितला कुणी हे पहिल्या दोन ओळीत यावं, कारण आपल्याकडे बरेचजण हेडिंगच वाचतात आणि तेच पुढे फॉरवर्ड करतात. दुसरं, तुमच्या करिअरच्या पानावर आयएएस, आयपीएस येतं, फॉरेन सर्व्हिसचं कधी येत नाही. अख्ख्या देशाचं काम बघायला हजाराच्या आसपास अधिकारी, त्यात आपली सीमाभागातली पोरं का नसावीत? यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते हे खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या मराठी शाळेतल्या पोरांना कुणी सांगतच नाही. मुलींना तर आवर्जून सांगा, या सेवेत आलेली पहिली बाई सी. बी. मुथम्मा आपल्याच राज्यातल्या, कोडगूच्या, १९४९ ला आल्या, लग्न करायला सरकारची परवानगी आणि बढतीत डावलणं याच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९७९ ला कोर्टाने खात्याला खडसावलं.

पत्र लांबलंय, काटछाट करायची तर माझं बाकीचं काहीही कापा, पण मदद पोर्टलची ओळ तेवढी ठेवा. आखातात माणूस असलेल्या घरांना ती उपयोगी पडेल.

आपला,
एक नियमित वाचक
खानापूर, जि. बेळगाव