पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर आभार मानूच देत नाही. ‘बरं बरं, फोटो दाखवायला या दोघं’ म्हणता आणि ठेवून देता. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. व्हेनिसहून येऊन तीन आठवडे झाले, तरी तुमचा तो पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या पर्समध्येच आहे. मंडईत सुटे काढायला हात घातला की आधी तोच हाताला लागतो.

सहल आखून घ्यायला तुमच्याकडे येण्याआधी आम्ही ज्या टूरवाल्यांकडे गेलो होतो, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. नाव लिहीत नाही. त्यांच्या कागदावर ‘व्हेनिस, दोन रात्री’ असं ठळक छापलेलं होतं. हॉटेल निघालं मेस्त्रेला, म्हणजे खाडीच्या अलीकडे, जमिनीवरच्या गावात. मेस्त्रे वाईट नाही. स्वस्त आहे, आणि तिथून व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला गाडी दहा-बारा मिनिटांत पोचते. पण मग तसं सांगा ना! दिवसाची गर्दी पाचनंतर ओसरते आणि खरं व्हेनिस तेव्हा सुरू होतं. नेमकी ती वेळ तुम्ही माणसाला परतीच्या गाडीत घालायला लावता. ‘पूल किती चढावे लागतील?’ विचारलं, तर उत्तर आलं, ‘हॉटेलला लिफ्ट आहे.’ खाण्याचं विचारलं, तर ‘व्हेज काय, सगळीकडे मिळतं हो.’ आगाऊ भरलेले सगळे पैसे अजून परत आलेले नाहीत. त्याहून जास्त लागलं ते हे, की आमचं म्हणणं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

तुम्ही नकाशा उघडण्याआधी तीन गोष्टी विचारल्यात. ह्यांचा गुडघा चढताना दुखतो की उतरताना? सकाळी लवकर आवरतं का? आणि माझ्याकडे वळून, ‘तुला काय चालतं ते नको सांगू. काय चालत नाही ते सांग.’

गुडघा उतरताना दुखतो, म्हटल्यावर सगळं नियोजन त्याभोवती फिरलं. त्या शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. पण ग्रँड कॅनॉलवर फक्त चार. त्यामुळे मोठा कालवा ओलांडायचा तो पुलावरून नाही, त्रागेत्तोतून, हे तुमचं पहिलं कलम. दोन नावाडी असलेली साधी गोंडोला, माणशी 2 युरो, दोन-तीन मिनिटांत पलीकडे. सांता सोफियाहून निघालं की थेट रियाल्तोच्या बाजारात. ही सोय दिवसाची आहे, अंधार पडल्यावर तिच्या भरवशावर राहू नये, आणि नोव्हेंबरात तिथे साडेचारलाच अंधारतं, हेही तुम्ही लिहिलं होतंत. सजवलेल्या गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. तो नावेचा असतो, माणशी नव्हे, हे बसण्याआधी बोलून घ्यायचं. हॉटेल असं निवडून दिलंत, की बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत एकही पूल नाही. चाकांची बॅग घेऊन जाणाऱ्यांनी बाकी सगळं विसरावं, एवढं धरून ठेवावं. खोलीचे फोटो नंतर पाहा, आधी थांबा ते दार या वाटेत किती पूल आहेत ते मोजा.

वापोरेत्तोचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीचा, हिशेब तुम्ही दोन ओळींत केला होतात. एक तिकीट साडेनऊ युरोचं, 75 मिनिटं चालतं. 72 तासांचा पास 45 युरोचा. पाच फेऱ्यांतच तो फिटतो. पास तारखेवर नाही, तासांवर चालतो. मंगळवारी संध्याकाळी पाचला पहिल्यांदा यंत्राला लावला, तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. दर वेळी चढताना लावायचाच, नाहीतर खिशात पास असूनही दंड. आणि 1 नंबरची बोट रेल्वे स्टेशनवरून पकडायची नाही. एक थांबा मागे, पियात्झाले रोमाला जायचं. बोट तिथूनच सुटते, म्हणून बसायला मिळतं. सान मार्कोपर्यंत पाऊण तास लागतो, आणि ही फेरी दिवे लागल्यावर करायची, कारण तेव्हा काठावरच्या वाड्यांची रंगवलेली छतं खिडक्यांतून आतपर्यंत दिसतात. दिवसा नुसत्या भिंती दिसतात.

पत्त्यांचं तुम्ही जे सांगितलंत ते पेठेतला माणूसच सांगू शकतो. शहराचे सहा भाग, सेस्तिएरे. घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नाहीत, अख्ख्या भागाला सलग दिलेले. ‘कान्नारेज्जो 3000 आणि काहीतरी’ एवढ्यावर घर सापडत नाही. ‘सदाशिव पेठेत नंबर विचारत फिरणारा संध्याकाळपर्यंत फिरतो. आपण काय विचारतो? कुठल्या गणपतीजवळ, कुठल्या हौदाजवळ. तिथे चर्च विचारायचं.’ काले म्हणजे बोळ, कांपो म्हणजे चौक, फोंदामेंता म्हणजे पाण्याकाठची वाट, सोतोपोर्तेगो म्हणजे घराखालून जाणारा बोळ, रिओ तेरा म्हणजे बुजवून रस्ता केलेला कालवा. काले देल फोर्नो, म्हणजे भट्टीचा बोळ, या नावाचे बोळ बऱ्याच भागांत आहेत, म्हणून बोळाच्या नावाआधी भागाचं नाव बघायचं. फोनवरचा नकाशा त्या उंच भिंतींमध्ये पलीकडच्या बोळात उभं करतो. भिंतीवरच्या ‘पेर रियाल्तो’, ‘पेर सान मार्को’ या पिवळ्या पाट्या तसं करत नाहीत.

पाण्याबद्दल तुम्ही बातम्यांनी घाबरवलं नाहीत, समजावलंत. भरतीची उंची तिथे 1897 च्या समुद्रपातळीपासून मोजतात, म्हणून 110 सेंटिमीटर ऐकलं तर कमरेएवढं पाणी समजू नये. सान मार्कोचा चौक सगळ्यांत खोलगट, तिथे 80 च्या आसपासच पाणी वर यायला लागतं. खाडीच्या तीन तोंडांवरचे 78 दरवाजे 3 ऑक्टोबर 2020 ला पहिल्यांदा भरती अडवायला उचलले गेले, पण ते साधारण 110 चा अंदाज असेल तेव्हा उचलतात. म्हणून शहर कोरडं आणि चौक ओला, असं होऊ शकतं. तसं झालंच तर हॉटेलात कुढत बसायचं नाही, तीन-चार तासांनी पाणी आपोआप उतरतं. तोवर सान रोक्कोची चित्रं बघायला जायचं. तिंतोरेत्तोने 1564 पासून रंगवायला घेतलेल्या त्या दालनांत छत बघायला हातात आरसा देतात, मान मोडत नाही. चामड्याच्या चपला मात्र खाऱ्या पाण्यात घालायच्या नाहीत. माझ्या कोल्हापुरी घरीच राहिल्या, त्या तुमच्यामुळे.

आणि आता तो पुठ्ठा.

ह्यांना मासे चालतात, मला नाही. आमच्याकडच्या बऱ्याच घरांसारखंच. आजवर प्रत्येक सहलीत ‘साहेबांना काय आवडतं?’ हे विचारलं गेलं आणि मी पावावर भागवलं. तुम्ही पहिले होतात, ज्यांनी माझ्यासाठी पेन उघडलं. कपाटातून जुन्या लग्नपत्रिका काढल्यात, एकीची पाठकोरी बाजू हातभर लांबून न्याहाळलीत, कात्रीने पोस्टकार्डाएवढी कापलीत. वरच्या अर्ध्या भागात इटालियन, रोमन अक्षरांत, आचाऱ्याला वाचण्यासाठी. खाली तेच देवनागरीत, मला म्हणता यावं म्हणून. ‘सोनो वेजेतारियाना. निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते आच्चूगे, निएन्ते ब्रोदो दी कार्ने, निएन्ते पान्चेत्ता, निएन्ते स्त्रूत्तो.’ मांस नाही, मासे नाही, अँचोव्ही नाही, मांसाचं पाणी नाही, डुकराचं मांस नाही, डुकराची चरबी नाही. ज्या अक्षरावर जोर द्यायचा, त्याखाली लाल रेघ. मग वरून चिकटपट्टी, पाण्याचं शहर म्हणून.

नुसतं ‘मी शाकाहारी’ का पुरत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासे चालत. त्यामुळे ‘बिनमांसाचं’ म्हटलं की स्वयंपाकघरातल्या माणसाच्या मनात मासा वगळला जाईलच असं नाही. बिगोली इन साल्सा हे नाव वाचून कुणालाही वाटेल सॉसमधल्या जाड शेवया. तो सॉस कांद्यात विरघळवलेल्या अँचोव्हीचा असतो, आणि तो पदार्थच मुळी उपासाचा. मोत्झारेल्ला इन कार्रोत्झा म्हणजे तळलेलं चीज सँडविच, पण व्हेनिसमध्ये त्याच्या पोटात बहुधा अँचोव्ही किंवा हॅम. रिसी ए बिसी हा मटार-भात, त्यात पान्चेत्ता आणि मांसाचं पाणी. भाजीचा रिझोत्तो, म्हणजे तिकडचा मऊ भात, तोसुद्धा बऱ्याचदा त्याच पाण्यावर शिजतो. यातलं बरंचसं मेन्यूवर लिहिलेलं नसतं. मेन्यू चार भाषांत आणि फोटोंसकट असेल, तर आत जाऊच नये, हे तुमचं म्हणणं आम्ही पाळलं. साडेबारा ते अडीच आणि साडेसातनंतर, याच वेळांत चुली पेटलेल्या असतात. मध्ये भूक लागली तर बाकारो, म्हणजे छोटा वाइन बार, तिथे उभ्याउभ्या चिक्केत्ती, म्हणजे घासभर खाणं, तेही सहाच्या आत, गर्दीआधी.

ह्यांच्यासाठीही तुमची एक ओळ होती. माशाच्या किमतीपुढे ‘एत्तो’ दिसलं तर तो भाव 100 ग्रॅमचा. 7 युरो वाचून मागवलेला 600 ग्रॅमचा मासा 42 युरोंचा होतो. आधी वजन विचारायचं. बिलात माणशी दोन-चार युरो ‘कोपेर्तो’, म्हणजे बसण्याचा आकार, लागतो, ती फसवणूक नाही, तिथली रीत आहे, वाद घालू नये. हे सार्दे इन साओरवर खूश होते. तळलेल्या सार्डिनवर कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि पाइनच्या बिया, आणि करून एक-दोन दिवस मुरल्यावर खायचं.

पण काका, पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ. सगळे ‘नाही’ संपल्यावर तुम्ही थोडी जागा सोडून लिहिलंत, ‘ग्रात्सिए, ए बुओन लावोरो.’ मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, ‘आभार, आणि तुमचं काम छान होवो. कामावरच्या माणसाला तिकडे असं म्हणतात. सहा वेळा नाही म्हटल्यावर एवढं म्हणायला हवं.’

दुसऱ्या रात्री एका लहानशा खाणावळीत मी तो पुठ्ठा दिला. वाढणाऱ्या मुलीने आत नेला. पोळ्या लाटताना लागतं तसं पीठ हाताला लागलेल्या बाई बाहेर आल्या, पुठ्ठा कडांनी धरून. त्यांनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली. मग तो उलटा केला, मागचा अर्धा गणपती आणि ‘आहेर आणू नये’ हे अर्धं वाक्य निरखलं, आणि माझ्याकडे बघून हात जोडले. ताटात आली ती मऊ पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, वर अळिंबी, आणि आर्टिचोकचे देठाकडचे गोल तुकडे, लसूण-पार्सलीत शिजवलेले. त्यात काय काय घातलंय, ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. परदेशात पहिल्यांदा मी घास घेताना चिवडून पाहिलं नाही.

माणुसकी फार मोठ्या गोष्टींत शोधतो आपण. मला ती त्या लाल रेघांत दिसली. दुसऱ्याची जीभ कुठे अडखळेल, हे आधीच आपल्या जिभेवर घोळवून बघणारी माणसं असतात. पैसे घेऊनही ते न करणारी असतात, आणि तुमच्यासारखी चहासुद्धा स्वतःच करून पाजणारी असतात.

तारखाही तुम्हीच धरल्या होत्यात, तुळशीची लग्नं आटोपल्यावर, पण 21 नोव्हेंबर हाताशी राहील अशा. कारण आधी सांगितलं नाहीत. त्या दिवशी ग्रँड कॅनॉलवर तात्पुरता पूल टाकतात आणि सगळं गाव सालूतेच्या चर्चला मेणबत्ती लावायला जातं. 1630 च्या प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून बोललेला नवस, अजून दर वर्षी फेडतात. त्या पुलावर ह्यांचा गुडघा दुखला, पण तक्रार केली नाही. आम्ही दोन मेणबत्त्या लावल्या. एक आमची. दुसरी कुणाची, ते तुम्हाला लिहायला नको.

शेजारचं जोडपं मार्चमध्ये निघालंय. त्यांना पुठ्ठा हवा होता. मूळ देणं होईना, म्हणून आमच्याकडच्या एका पत्रिकेची पाठकोरी बाजू कापली आणि प्रत केली. शेवटची ओळ आधी लिहून काढली, खाली जागा उरली नाही तर म्हणून.

रविवारी दोघंही येतो. चहा या वेळी मी करीन.

आपली,
कोथरूडची सूनबाई