‘छंद’ म्हणू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीत मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्या जुन्या बातमीदारांवर पानभर मजकूर दिलात, त्याबद्दल आभार. लेख मेहनतीने लिहिला आहे, हे मान्य. पण त्यात तीनदा ‘छंद’ हा शब्द आला आहे आणि एके ठिकाणी तर ‘रोजच्या बातम्यांतून उरलेल्या वेळात’ असे म्हटले आहे. ते वाचल्यापासून माझा राग शांत झालेला नाही.

उरलेला वेळ कुठला? महापालिकेच्या सभेला वर्षानुवर्षे बसणाऱ्या बातमीदारासमोर रस्त्याचे नाव बदलण्याचा ठराव येतो, तेव्हा जुने नाव कोणाचे होते हे त्याला त्याच संध्याकाळी शोधावे लागते. अशी वीस वर्षे काढली की शहराचा इतिहास त्याच्या डायऱ्यांत आपोआप साठतो. सॅम्युएल शेपर्ड ‘टाइम्स ऑफ इंडिया’तले. मुंबईतल्या ठिकाणांच्या आणि रस्त्यांच्या नावांवर त्यांनी १९१७ साली अख्खे पुस्तक काढले, पुढे ते त्याच पत्राचे संपादक झाले. अरुण टिकेकर ‘लोकसत्ता’चे संपादक होण्याआधी ‘टाइम्स’च्या संदर्भ विभागात होते, आणि मुंबई विद्यापीठाचा इतिहासही त्यांनी लिहिला. ही माणसे छंद जोपासत नव्हती.

मला खरे सांगायचे आहे ते तुमच्याच एका बातमीदाराबद्दल. लेखात त्यांचा फोटो आहे, म्हणून नाव पुन्हा लिहीत नाही.

माझी आई लालबागच्या चाळीत खाणावळ चालवायची. बावीस माणसे जेवायला होती, सगळी गिरणीतली, बहुतेक सातारा आणि रत्नागिरीकडची. तीन पाळ्यांची तीन जेवणे, त्यामुळे चूल अशी कधी विझायचीच नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार संपावर, हे सगळ्यांनी छापले. बाजूच्या बायकांच्या खाणावळींचे काय झाले, हे विचारायला मात्र आमच्या चाळीत एकच बातमीदार आला. माणसे गावाला निघून गेली होती, बावीसची पाच राहिली होती, आणि त्या पाचांकडेही द्यायला पैसे नव्हते. आई त्यांना उपाशी कशी ठेवणार?

ते गृहस्थ आमच्या ओटीवर बसले आणि आईची उधारीची वही त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. नुसती चाळली नाही. कोणाकडे किती राहिले, कोण कुठल्या गावचा, कोणत्या खात्यात, सगळे उतरवून घेतले. आईने तांब्याचा हंडा गहाण टाकला होता. ते तिला सांगायचे नव्हते, तरी तिने सांगितले, कारण त्यांनी घाई केली नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले, एक आकडा चुकीचा उतरवला होता का एवढेच विचारायला. एका आकड्यासाठी माणूस चार जिने चढून आला होता. मी तेव्हा कॉलेजात होते आणि हे काय चालले आहे ते मला कळत नव्हते. आता कळते. त्या वहीचा इतिहास झाला तो त्या दिवशी.

लेख दिवाळीच्या सुमारास रविवारी छापून आला. आईने कात्रण ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवले. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावरच्या मावशीकडे ठेवलेली ती ट्रंक पाण्याखाली गेली. वही गेली, कात्रणही गेले.

म्हणून पुढच्या वर्षी मी आपल्या कचेरीत आले. जुना अंक पाहायचा आहे, लागेल ते शुल्क भरते, म्हटले. खालून वर पाठवले, वरून पुन्हा खाली. शेवटी एका सज्जन माणसाने खरे सांगितले, “बाई, नव्या जागेत आलो तेव्हा बांधीव फाइली काढून टाकल्या. कात्रणांची पाकिटेही गेली.” कुठे गेली, विचारले. “रद्दीत.” त्याला स्वतःलाच वाईट वाटत होते, म्हणून मी त्याच्यावर ओरडले नाही. पण आज लिहिते आहे. ज्या माणसाने तीस वर्षे या शहराची नोंद ठेवली, त्याची नोंद तुम्ही किलोवर विकलीत, आणि आता त्याच्यावर पानभर लेख छापता.

संदर्भ विभाग नसला की काय होते, त्याचा पुरावा त्याच पानावर आहे. फोटोखाली छापले आहे की १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी सीएसएमटीच्या ‘या भव्य इमारतीतून’ ठाण्याला सुटली. गाडी बोरीबंदरहून सुटली, हे चौथीच्या मुलाला येते. मी महापालिकेच्या शाळेत सत्तावीस वर्षे तेच शिकवले. ही इमारत बांधायलाच घेतली १८७८ साली. फोटोतले बातमीदार कामावर असते तर ही ओळ छापखान्यापर्यंत पोचली नसती.

चेन्नईत एस. मुथय्या यांना ‘द हिंदू’ने शहराच्या इतिहासासाठी १९९९ पासून आठवड्याचे सदर दिले. ते २०१९ मध्ये गेले तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षे, सदर चालू होते. वाचकांनी चुका दाखवल्या, नवी माहिती कळवली, की त्यालाही त्याच सदरात जागा मिळायची. आपल्याकडे महापालिका, गिरणगाव, बंदर यांची माहिती होते न होते तोच बातमीदाराला दुसरीकडे हलवतात. त्याच्याकडे काही साठणार कसे? शहर पाहणाऱ्या एका तरी माणसाला एका जागी राहू द्या, आणि त्याने लिहिलेले कुठेतरी कोरड्या जागी ठेवा.

आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिला डोळ्यांनी फारसे दिसत नाही, तरी त्या लेखात हंड्याचा उल्लेख कोणत्या ओळीत होता हे ती सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९८२ मधले आपले रविवारचे अंक कोणा वाचकाकडे असतील, तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. झेरॉक्सही चालेल. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक जुनी वाचक, लालबाग