ते आईस्क्रीम माझ्यापर्यंत आलंच नव्हतं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, ओळीही सुट्या सोडल्यात. तरी बाबा, तुम्ही वाचू नका. आई, दुपारचा चहा झाला की तूच वाचून दाखव. फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं, मध्येच रडले असते.

परवा इराच्या वाढदिवसाला बाबांनी पुन्हा ‘छोटा चेतन’ची गोष्ट सांगितली. ओतूरहून सकाळची एसटी, शिवाजीनगरला उतरून मावशीकडे पिठलं-भात, मग दुपारचा खेळ, आणि पडद्यातून आईस्क्रीमचा कोन बाहेर आला तेव्हा आमच्या चिमीने कसा हात पुढे केला! इरा तोंड उघडं टाकून ऐकत होती. “तुलाही असाच थ्रीडी सिनेमा दाखवीन,” म्हणालात. मी ताटं उचलायचं निमित्त करून आत गेले.

बाबा, मला तो सिनेमा आवडला नव्हता. इतकी वर्षं मी तुम्हाला खोटं सांगत आले.

माझ्यासाठी पडद्यातून काहीच बाहेर आलं नाही. चष्म्यामुळे सगळं काळपट दिसत होतं, चष्मा नाकावरून घसरत होता, आई एका बाजूने तो धरून बसली होती. सगळं थेटर किंचाळायचं, पोरं हवेत हात मारायची, आणि आलंय काय ते मला सापडायचं नाही. मग मी पडद्याकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही मान मागे घेतली की मीही घ्यायची. तुम्ही हात पुढे केलात म्हणून मी केला. घरी कधी एवढं मोठ्याने न हसणारे तुम्ही त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतात. बाहेर आल्यावर “कसा वाटला?” विचारलंत, तेव्हा “खूप मस्त” यापलीकडे दुसरं काही तोंडातून येणंच शक्य नव्हतं. पतसंस्थेतून रजा काढून, उन्हात रांगेत उभं राहून तुम्ही ती तिकिटं काढली होती.

एकच प्रसंग मला मनापासून आवडला. मुलं भिंतीवरून चालत चालत छतावर जातात तो. त्याला थ्रीडी लागत नाही. अख्खी खोलीच फिरती बनवून तो चित्रित केला होता, हे मला फार नंतर वाचायला मिळालं. तिथल्या टाळ्या माझ्या स्वतःच्या होत्या. बाकी तो मांत्रिक, ते खजिन्याचं वेड, गुलाम करून ठेवलेला तो एवढासा चेतन, हे बघून मला नुसतं घाबरायला झालं होतं. माझ्या वयाच्या सगळ्यांचा तो जीव की प्राण आहे. १९८४ साली मल्याळममध्ये निघालेला आपल्या देशातला पहिला थ्रीडी सिनेमा, आणि आपण पाहिला तो १९९८ चा हिंदी. ऑफिसात विषय निघाला की मी आजही गप्प बसते.

कारण तुम्हाला आता कळलंच असेल. थ्रीडीत दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं असतात. चष्म्याची एकेक काच एकेक चित्र अडवते, आणि मेंदू उरलेली दोन्ही जोडतो तेव्हा तो कोन पुढे येतो. माझ्या डाव्या डोळ्याचं चित्र मेंदू घेतच नव्हता.

आई, इथे थांब, पाणी पी. “माझ्याकडून राहून गेलं” हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. डोळा तिरळा नव्हता, दुखत नव्हता, मागच्या बाकावरून फळा मी घडाघडा वाचत होते. पाचवीत शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला, तेव्हा मलाच पहिल्यांदा कळलं. जे मला ठाऊक नव्हतं ते तुला कुठून दिसणार? पण तोवर वय निघून गेलं होतं. असा डोळा सात-आठ वर्षांच्या आत धरला तर चांगला सुधारतो. म्हणून तर इराला मी तिसऱ्या वर्षीच नेलं. “एवढ्याशा पोरीला चष्मा कशाला” म्हणून बाबा माझ्यावर चिडले होते. रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून बसते बिचारी, आणि दुसरा डोळा सुधारतोय.

आता मुद्द्याचं. वाढदिवसाला बाबा किटलीतून चहा ओतत होते आणि धार कपाच्या पलीकडे बशीत पडली. तुम्ही हसून “हात थरथरला” म्हणालात. हात थरथरला नव्हता. मी नीट बघत होते. मी स्वतः आजवर किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवल्याशिवाय चहा ओतलेला नाही, एका डोळ्याला अंतर कळत नाही म्हणून. वाड्याची शेवटची पायरीही तुम्ही पायाने चाचपून उतरता. “एका डोळ्याने चालतंय की” हे मला सांगू नका. कसं चालतं ते मला माहीत आहे.

म्हणून तुम्हाला न विचारता मी मोतीबिंदूची तारीख घेऊन टाकली आहे, पुढच्या महिन्याची १२. रागवा, पण या. साधारण अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. तुमच्यासाठी पुढची खोली रिकामी केलीय, तिथून बाथरूम चार पावलांवर आहे. कमोडला धरायला दांडा बसवलाय. पेपर येईल, पाच वाजताचा चहा मिळेल, आईच्या देवांसाठी खिडकीतला कोपरा ठेवलाय. मनीला शेजारच्या काकू दूध घालणार आहेत, विचारून झालंय.

येताना साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या पाकिटांसकट आणा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना स्वतः सांगा, लपवू नका. नंतर काही आठवडे थेंब वेळेवर. सुरुवातीला डोक्यावरून आंघोळ नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. त्यामुळे तांदळाचं पोतं घेऊन यायचा विचार आत्ताच सोडा.

डोळा बरा झाला की इराला तुम्हीच थ्रीडी सिनेमाला न्या. मीही येईन. मी मध्ये बसणार नाही, तुम्हा दोघांच्या बाजूला बसेन, म्हणजे दोघांचे चेहरे दिसतील.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, स्कूटरची किल्ली आजच शेजारच्या काकांकडे द्या. दिली म्हणून तुम्ही कळवू नका, मला त्यांचाच फोन हवा.