मनूच्या नवव्या महिन्याच्या डोसबद्दल

मुलुंड, रविवार

प्रिय वैशाली,

मनूला नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाच्या लशीचा डोस द्यायचा की थांबायचं, हा तुझा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहायला बसले. आशाताई येऊन गेल्या आणि तू ‘सर्दी आहे’ म्हणून त्यांना परत पाठवलंस, हे तू मला मोकळेपणी सांगितलंस याचं मला खूप बरं वाटलं. पेंटा या पाच आजारांवरच्या लशीच्या दुसऱ्या डोसनंतर ती रात्रभर किंचाळून रडली, अंग भाजत होतं, मांडीला गाठ आली. अशा रात्रीनंतर पुन्हा सुईसाठी तिचा पाय धरायला हात धजत नाही, ते मला कळतं. ‘एवढं काय घाबरायचं’ असं तुला कुणी म्हटलं असेल, तर तसं म्हणायला नको होतं.

इतकी वर्षं लसीकरणाच्या सत्रांवर काढली, पण ‘लशीने काही होत नाही’ असं मी एकाही आईला सांगितलेलं नाही. होतं. प्रश्न एवढाच असतो की काय होतं, किती मुलांना होतं, आणि लस नाही घेतली तर त्या जागी काय येऊन बसतं.

आधी पेंटाचं. त्या एका सुईत पाच आजारांवरची लस असते आणि ताप, रडणं, गाठ यांचं मुख्य कारण त्यातला डांग्या खोकल्याचा भाग. सरकारी लशीत त्याचे अख्खे मारलेले जंतू असतात, त्यामुळे शरीर जोरात उसळतं. खासगी डॉक्टरांकडे तू विचारलंस ती ‘पेनलेस’ म्हणजे त्याच जंतूचे निवडक तुकडे घेऊन केलेली लस. ताप कमी, किंमत बरीच जास्त, आणि तिचं संरक्षण लवकर ओसरतं.

ही दुसरी लस जपानमुळे आली. १९७४-७५ च्या हिवाळ्यात तिथे जुनी, अख्ख्या जंतूंची लस दिल्यानंतर दोन बाळं दगावली. सरकारने लस थांबवली, मग दोन वर्षांच्या पुढच्या मुलांनाच द्यायची असं ठरवून पुन्हा सुरू केली. पण लोकांचा विश्वास उडाला होता. आधी सुमारे ८० टक्के मुलं लस घेत, १९७६ पर्यंत जेमतेम १० टक्के उरली. पहिली एक-दोन वर्षं काहीच घडलं नाही, आणि ‘बघा, लशीवाचून काय अडलं’ असं वाटायला तेवढी पुरतात. १९७९ मध्ये तेरा हजारांहून जास्त जणांना डांग्या खोकला झाला आणि ४१ जण गेले. कमी त्रासाची लस जपानने १९८१ पासून वापरात आणली. त्या दोन घरांचं दुःख कुणी कमी लेखू नये. त्यांच्यामुळेच चांगली लस शोधणं भाग पडलं. पण ती हाती येईपर्यंत जुनी बंद ठेवण्याची किंमत दुसऱ्या घरांनी मोजली, आणि त्या घरांना आपण नेमकं कशामुळे मूल गमावलं हे कदाचित कळलंही नसेल.

मला वाटतं, तुझ्या मनातली खरी अडचण इथेच आहे. सुईने काही झालं तर त्याला तारीख असते, वेळ असते, आणि ‘मीच तिला घेऊन गेले’ हे असतं. आजाराने झालं तर ते नशिबावर जातं. म्हणून न करण्याचा धोका हलका वाटतो. पण मनूच्या शरीराला तो धोका कुणाच्या हातून आला याने काही फरक पडत नाही गं.

आता एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेलाची लस. ही पेंटापेक्षा वेगळी आहे. हिच्यात जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात, त्यामुळे हिचा त्रास त्याच रात्री होत नाही. विषाणू अंगात थोडे वाढतात आणि सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांना ताप येतो, काहींना बारीक पुरळ उठतं. त्या तापात तीन-चार हजार मुलांमागे एखाद्याला आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण तापातली अशी आकडी सहसा मागे काही ठेवत नाही. तीस-चाळीस हजारांत एखाद्याच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, काही दिवस उतरतात. जीवघेणी ॲलर्जी दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला, तीही बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून तर तिथे बसवून ठेवतात.

आणि गोवर? वीस मुलांमागे एकाला न्यूमोनिया. हजारात एकाला मेंदूला सूज. चांगली इस्पितळं असलेल्या देशांतही हजारामागे एक ते तीन मुलं जातात, कुपोषण असेल तिथे कितीतरी जास्त. लशीच्या तापातली आकडी आणि गोवराची मेंदूची सूज या एका तोलाच्या गोष्टी नाहीत हेही लक्षात घे. पहिली मिनिटांत थांबते, दुसरी मूल वाचलं तरी बहिरेपण किंवा मंदत्व ठेवून जाऊ शकते. शिवाय शरीराने आधीच्या जंतूंची करून घेतलेली ओळख गोवर पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. इतर जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडीजपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे पुरळ मावळल्यावरही मूल महिनोन्महिने आजारी पडत राहतं. लशीने असं होत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत साथ आली तेव्हा आम्ही घरोघरी फिरत होतो. तुला तेव्हा फार सांगितलं नाही. लालभडक डोळे, उजेड सोसत नाही, कानामागून सुरू होऊन अंगभर उतरलेलं पुरळ, आणि खोकून खोकून श्वास घेताना आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या. उशाला कडुनिंबाचा पाला आणि ‘गोवर पूर्ण बाहेर पडू द्या, मग उतरेल’ म्हणून दवाखान्यात न्यायला नकार. आम्ही अ जीवनसत्त्वाचे डोस द्यायचो, समजावायचो, काहींना उचलून न्यायचो. मुंबईत त्या साथीत दहाहून जास्त मुलं गेली. बहुतेक आजारी मुलांचे डोस राहिले होते. कोविडच्या काळात कुणी गावी गेलं, कुणाचं कार्ड हरवलं. या आया निष्काळजी नव्हत्या, वैशाली. तुझ्यासारख्याच होत्या. नऊ महिन्यांच्या आतली बाळंही इतकी सापडू लागली की अशा भागांत सहा महिन्यांपासूनच जादा डोस द्यायची वेळ आली.

तुझ्या सासूबाई म्हणतात की आमच्या घरात सगळ्यांना गोवर निघाला, काय झालं? त्यांना उलटून बोलू नकोस. फक्त शांतपणे विचार, त्यांच्या आईची किती मुलं होती आणि किती वाढली. त्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक घरात एखादं नाव असतं.

लशीने स्वमग्नता (ऑटिझम) होते, असा जो मेसेज भावोजींच्या ग्रुपवर आला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ते सगळं १९९८ च्या, फक्त १२ मुलांवरच्या एका लेखातून निघालं. त्या मासिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा माग ठेवला, संबंध सापडला नाही.

‘पण तिला गोवर होईलच कशावरून?’ हा मात्र तुझा खरा मुद्दा आहे. आज, या महिन्यात होण्याची शक्यता थोडी आहे, हे मान्य. पण गोवराचं मूल खोकून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहतो, आणि संरक्षण नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो धरतो. आज अंगणवाडी, उद्या शाळा, यात्रा, एसटी, पुढे कॉलेजचं हॉस्टेल. हा धोका एका महिन्याचा धरायचा की तिच्या सगळ्या आयुष्याचा? तुझ्याकडून मिळालेलं संरक्षणही आता तिच्या अंगातून सरत आलंय, म्हणून तर नववा महिना.

लशीचं पारडं कधी जड झालंच नाही असंही नाही. तोंडातून देतात त्या पोलिओच्या लशीनेच सुमारे सत्तावीस लाख पहिल्या डोसांमागे एका बाळाला लुळेपणा यायचा. देशात पोलिओ हजारो मुलांना अधू करत होता तोवर हा धोका पत्करणं बरोबर होतं. पोलिओच्या विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा, नैसर्गिक रूपात, १९९९ नंतर जगात कुठेच दिसला नाही. तेव्हापासून त्या प्रकारचे रुग्ण व्हायचे ते लशीतल्याच विषाणूमुळे. मग २०१५ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे सुईची पोलिओ लस सुरू झाली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये तोंडाच्या लशीतून तो दुसरा प्रकार जगभर काढून टाकला. आजार बदलला तसा हिशेब पुन्हा मांडला गेला. एमआरचा हिशेबही मी असाच मांडते, आणि गोवर आज जिवंत आहे.

म्हणून माझं म्हणणं, ने तिला. नुसती सर्दी किंवा आधीच्या पेंटाचा ताप, यांपैकी कशानेही एमआर अडत नाही. आधीच्या डोसला गंभीर ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा मोठा आजार असता तर मीच थांब म्हटलं असतं.

जाताना कार्ड ने आणि पेंटानंतर काय झालं ते सिस्टरना आधीच सांग. एमआर उजव्या दंडात देतील, डाव्या दंडात पोलिओची सुई, मांडीत न्यूमोनियाच्या लशीचा बूस्टर, आणि तोंडातून अ जीवनसत्त्व. एका दिवशी इतकं बघून बिचकू नकोस, पण विचार जरूर. एमआरची बाटली कालवल्यावर चार तासांतच वापरायची असते. ‘किती वाजता फोडली?’ हे विचारणं तुझा हक्क आहे. अर्धा तास तिथेच बस. पहिल्या एक-दोन दिवसांतला ताप बाकीच्या सुयांचा, आणि आठवड्यानंतर आला तर एमआरचा. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते तिच्या वजनावरून त्यांच्याकडून लिहून घे. आकडी आलीच तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. आणि दीड वर्षाच्या सुमाराचा दुसरा डोस चुकवू नकोस. नवव्या महिन्यातला एकटा शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी मुलांनाच पुरतो.

गुरुवारी सत्र आहे म्हणालीस ना? मी सुट्टी टाकू शकते, बुधवारी रात्रीच्या गाडीने येते. मनूला मी धरते, तू तिच्यासमोर बस. यायचं की नाही तेवढं मंगळवारपर्यंत कळव, म्हणजे तिकीट काढते. सासूबाईंना आणि भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
सुजाता