सुन्या, शेवटी मी लिनक्स टाकलं

कराड,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुन्या,

हसून झालं असेल तर पुढे वाच. नसेल झालं तर अजून हस, वहिनींनाही बोलावून दाखव, मी थांबतो.

दीड वर्ष झालं तुला धड काही लिहून. तुझ्या वाढदिवसाला नुसता केकचा स्टिकर टाकला, तोही दुसऱ्या दिवशी. चूक माझी. इकडे सगळं ठीक, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता ती माझ्यापेक्षा भराभर चालते, माझी शुगर आहे तिथंच आहे. संपलं तब्येतपुराण.

तर दुकानातल्या मोठ्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट आहे आता. मी कारण सांगतो म्हणजे तू उगाच ते विचारांचं परिवर्तन वगैरे समजायला नको. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेच विंडोज १० रे, २०१५ ला त्यांच्याच माणसानं स्टेजवरून सांगितलेलं की हे शेवटचं विंडोज, आणि मी तुला फोन करून म्हणालो होतो की बघ, आता कटकट संपली, एकदा टाकलं की मरेपर्यंत. आणि ११ ला पाहिजे टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर. माझं मशीन चौथ्या पिढीचं. पिढ्या बघून स्थळ नाकारतात हे मला लग्नपत्रिका छापून छापून माहीत होतं, पण मशीनला पण? चालतंय चांगलं, रॅम आहे, एसएसडी आहे, तरी घराणं जुनं म्हणून नको.

मग तायडीच्या पोरानं रविवारी पेनड्राईव्ह आणला आणि पंचवीस मिनिटांत टाकून दिलं. आणि सुन्या, मला खरा राग कशाचा आला सांगू? प्रिंटर आपोआप सापडला. वायफायसुद्धा. तुला आठवतं ना २००६ ला माझ्याच दुकानात तू तीन दिवस त्याच प्रिंटरपुढे मांडी घालून बसला होतास, काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाईप करत, आणि गिऱ्हाईकं विचारायची हे काय बंद पडलंय का. तिसऱ्या दिवशी एक पान आलं तेही कोरं, आणि तू म्हणालास, "बघ, संपर्क झाला." आता हे पोरगं काही न करता चहा पीत बसलं आणि तिकडे टेस्ट पेज बाहेर. इतकं सोपं करायचं होतं तर आपण वीस वर्षं भांडलो कशाला?

तुझ्या त्या उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सच्याच, सीड्या पण आठवल्या. फुकट यायच्या, परदेशी तिकिटं लावून, पोस्टमनला वाटायचं पोराला बाहेर नोकरी लागली, पेढे कधी म्हणून विचारायचा. तू त्या गावभर वाटल्यास. आमच्या आबांनी सात घेतल्या आणि शाळवात पाखरं हाकायला टांगल्या. त्या वर्षी लिनक्सचा डेस्कटॉपवर कुणी उपयोग केला नसेल पण आमच्या रानात झाला.

आता माझ्या बाजूचं पण कबूल करतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार, हिला सांगितलं तर ती म्हणते दुकान चालतंय ना मग झालं. एमएससीआयटीच्या क्लासात मी दहा वर्षं सरकारी लोकांना पहिला धडा काय शिकवला? खाली डावीकडे स्टार्ट बटन. रिटायरमेंटला टेकलेले तलाठी, ग्रामसेवक, सर्टिफिकेट नसलं तर इन्क्रिमेंट अडकायची भीती, घामाघूम होऊन ते बटन शिकले. २०१२ ला विंडोज ८ आलं आणि बटनच गायब. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये परत आणलं. ११ मध्ये उचलून मधोमध ठेवलं. एक ग्रामसेवक मला परवा स्टँडवर भेटले, म्हणाले सर तुम्ही शिकवलेलं काही जागेवर राहिलं नाही हो.

पण सुन्या, तुम्ही लोकं पण काही कमी नाही. त्या तुझ्या म्युनिकचंच घे ना. २००३ ला तिथल्या महापालिकेनं ठरवलं विंडोज काढायचं, मायक्रोसॉफ्टचा साहेब बाल्मर स्कीइंगची सुट्टी सोडून महापौरांना भेटायला गेला, तरी ऐकलं नाही, आणि तू २०११ ला तिकडे गेलास ते जणू काशीला निघालास अशा थाटात. २०१३ ला काम पूर्ण, जवळजवळ १५ हजार मशीनं लिनक्सवर, तू मला रोज आकडे पाठवायचास. आणि २०१७ ला त्याच महापालिकेनं ठराव केला की परत विंडोज. मी तुला फक्त एक नाचणारा बाहुला पाठवला होता. फक्त एक. तू पाच महिने बोलला नाहीस. मग २०२० ला नवी युती आली आणि परत ओपन सोर्स म्हणाले. अरे आपल्याकडचे नगरसेवक बरे, निदान ते पक्ष बदलतात, संगणक बदलत नाहीत.

आणि गेल्या वर्षी १९ जुलैला तू उट्टं काढलंसच, त्या क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटनं ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली त्या दिवशी. तुझ्याकडे नीट सकाळ पण झाली नसेल, तरी मेसेज हजर. हातानं लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो, आपल्याच देशातला, आणि खाली "तुझ्या विंडोजचा नवीन फॉन्ट". मी उत्तर दिलं नाही, पण हसलो होतो हे आता सांगतो. अक्षर पण बरं होतं त्या माणसाचं.

मला कधीकधी वाटतं आपण दोघं त्या सासर-माहेरच्या भांडणात खुळ्यासारखे अडकलो आणि खरे व्याही केव्हाच एका पंगतीत जेवायला बसले. २००१ ला बाल्मर लिनक्सला कॅन्सर म्हणाला, आपण त्यावर हॉस्टेलच्या मेसमध्ये ताटं आपटली. २०१६ ला त्यांनीच विंडोजच्या पोटात लिनक्स घातलं, २०१८ ला साडेसात अब्ज डॉलर देऊन गिटहब, तुम्हा लोकांचा कोड ठेवायचा अड्डा, तोच घेतला. आणि ॲपल तरी काय, १९९७ ला मायक्रोसॉफ्टनं १५ कोटी डॉलर घातले त्यांच्यात, गेट्सचं तोंड एवढ्या मोठ्या पडद्यावर, खालून पब्लिक हुर्यो करतंय. आणि आपण? आपण २००६ ला बोलणं टाकलं. ॲपलवरून आठवलं, वहिनींनी चिमीच्या गॅदरिंगचा फोटो टाकला त्यात मागे टेबलावर ते कुरतडलेलं सफरचंद दिसत होतं. तुझंच ना? मी झूम करून बघितलंय. ऑफिसनं दिलं असलं काही सांगू नको.

एक मात्र लिहून ठेव, फ्लेक्सचं मशीन विंडोजच राहणार. डिझाईनचं कोरल लिनक्सवर चालत नाही आणि तू आता त्याच्या जागी फुकटातलं इंकस्केप म्हणशील, तर ये इथं आणि इंकस्केपमध्ये दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून दाखव, सत्तावीस शुभेच्छुकांचे फोटो गोलात, एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा लहान झालं तर रात्री दुकानावर येतात.

बरं. आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

सरांच्या घरच्या काकू आल्या होत्या दिवाळीनंतर. एकट्या, रिक्षानं. सरांचं पुस्तक परत काढायचं म्हणाल्या, शंभर प्रती, त्यांच्या पेन्शनमधून. मला म्हणाल्या, "तुझ्याकडं असंलच की रे कम्प्युटरात. आता तर बटन दाबलं की येतं ना?" मी हो म्हणालो. काय म्हणणार.

तुला माहितीय ते कशात आहे. पानं लावायच्या त्या जुन्या पेजमेकरमध्ये, त्या जुन्या फॉन्टात, आणि ते सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या पोर्टला लावायचं ते लॉक. लॉक आहे, कपाटात आहे, पण तसलं पोर्ट असलेलं मशीन माळ्यावरचं एक्सपीवालं, त्याचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, पावसाळ्यात गेला. हार्डडिस्क काढून घेतली. आणि मग आता बघ हं, मिंटमध्ये लिब्रेऑफिस आलेलंच होतं, मी सहज त्या फाईलवर डबल क्लिक केलं, आणि उघडली! चौकटी इकडच्या तिकडे, पण उघडली. ज्यांनी पेजमेकर केलं त्यांच्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडत नाही आणि तुझ्या फुकट्यांच्यात उघडते. मी दोन मिनिटं खुर्चीवर तसाच बसलो. तुला फोन लावणार होतो, मग तुझ्याकडे पहाटेचे चार.

उघडली पण मजकूर सगळा इंग्रजी चिन्हांचा किचाट. आपण त्या फॉन्टात मराठी लिहीतच नव्हतो ना, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे घालत होतो. मुखवटा काढला की आत 'फ' च्या जागी डॉलर. तू तेव्हाच सांगितलं होतंस, युनिकोडमध्ये कर, म्हणजे मराठी मराठीच राहील, आणि मी म्हणालो होतो पेजमेकर युनिकोड खात नाही आणि प्रेसवाल्याला बटर पेपरवर प्रिंट पाहिजे, त्याला युनिकोडचं काय करायचंय. तेव्हा ते खरंच होतं, अजूनही माझंच बरोबर होतं असं मी म्हणेन. पण तेव्हापुरतं.

एक कन्व्हर्टर मिळाला, त्यातून काढलं. नव्वद टक्के येतं आणि उरलेलं दहा टक्के जीव घेतं. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाकायची, युनिकोडमध्ये नंतर, जोडाक्षर आलं की ती भलत्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन बसते. रफार उडतो. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या', सरांच्या सगळ्या वाऱ्यांच्या 'वार्या' झाल्या. ऋकार तर सरसकट खाल्ला, 'कृष्णेच्या काठी' चं 'कष्णेच्या काठी', 'देवाची कृपा' म्हणजे 'देवाची कपा'. ज्या माणसानं आपल्याला एका अनुस्वारासाठी बाकावर उभं केलं त्याच्या पुस्तकाचं हे. मला रात्री स्वप्न पडतं, सर लाल पेन घेऊन दुकानात येतात.

तू म्हणशील छापील प्रत आहे, परत टाईप करून घे. तेच करणार होतो. पण सुन्या, फाईल १८४ पानांची आहे.

आठवलं? अकरा फर्मे, सोळा पानांचा एक, म्हणजे १७६ पानं, वरच्या आठ पानांसाठी नवा फर्मा लावायचा तर खर्च वाढतो म्हणून मी सरांना म्हणालो काहीतरी कमी करा. आणि त्यांनी एका झटक्यात ते प्रकरण काढलं. बहात्तरच्या दुष्काळाचं, काकू सरांना न सांगता खडी फोडायला जात होत्या ते. तू माझ्यावर उखडलास, म्हणालास चारशे रुपयांसाठी तू माणसाचं पुस्तक कापलंस, आणि सर म्हणाले राहू दे रे, तिला आवडायचं नाही. पैशासाठी काढलं का काकूंसाठी, तेव्हा मी विचारलं नाही, मला पैशाचं कारण सोयीचं होतं. पण फाईलमधून मी ती पानं काढलीच नव्हती, शेवटी सरकवून ठेवली होती. तुझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं असं वाटून म्हण किंवा आळसानं म्हण.

परवा रात्री दुकान बंद करून ती वाचली. अर्धवट, मोडक्या अक्षरांत. मस्टरवर नाव बघून सरांना कळलं ते, मग घरी येऊन त्यांनी काकूंचा हात हातात घेतला ते. 'तळहाताला घटे पडले होते', कन्व्हर्टरनं एक ट खाल्लेला. मी तो हातानं घातला आणि मग पुढं काही वाचवेना.

आता काय करू सांग. काकूंना त्या पानांचं काही माहीत नाही. छापायची तर सरांनी स्वतः काढलेली, आणि ती खडीची गोष्ट काकूंनी कुणाला कधी सांगितलेली नाही, गावभर शंभर प्रती जाणार. न छापता नुसती प्रिंट काढून त्यांच्या हातात द्यावी का? आणि कधी द्यायची, दुकानात गिऱ्हाईकांसमोर? ही म्हणते घरी नेऊन दे आणि लगेच निघून ये, बसू नको. मला ते पटतंय आणि नाही पण. तू तेव्हा भांडला होतास म्हणून तुलाच विचारतोय.

आणि दुसरं, ती तुझी पर्लची स्क्रिप्ट. २००८ ला तू याच फॉन्टचं युनिकोड करायला केलेली, मला सीडीवर दिलीस आणि मी म्हणालो होतो हिचा उपयोग फक्त शाळवात. ती सीडी खरंच तिथं गेली. तुझ्याकडे असणार, तू काही फेकत नाहीस, माझ्या शिव्या पण जपून ठेवल्यास. पाठव. ऋकार, रफार आणि तो वाऱ्यातला ऱ्य एवढं जरी धरलं तरी बाकीचं मी डोळ्यांनी बघेन, १८४ पानं काही फार नाहीत, चष्म्याचा नंबर वाढलाय तेवढंच.

चिमीच्या जर्मनमधल्या मार्कांचं वाचलं, शाब्बास सांग तिला. वहिनींची नोकरी लागली का ते विचारायचं राहिलंच. तुझ्या पाठीचं काय झालं? डिसेंबरात येणार असलास तर तिकीट काढायच्या आधी कळव, नंतर नाही.

काकू गुरुवारी येतो म्हणाल्यात. त्या आधी स्क्रिप्ट मिळाली तर बरं, आणि उत्तर तर पाहिजेच.

तुझा,
दिल्या

ता.क. हे पत्र मिंटवरच टाईप केलंय, इनस्क्रिप्ट कीबोर्डनं. 'ऱ्य' पहिल्या झटक्यात आला. याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलास तर तुझ्या सफरचंदाचा फोटो माझ्याकडे आहे.