मिरजेच्या चाचांना, झणझण घालवल्याबद्दल

चाचा, सलाम.

हे तुम्हाला नातूच मोबाईलवर वाचून दाखवेल, तेव्हा सगळ्यांसमोरच लिहितो.

सांगलीहून बास गिटार पाठीवर टाकून मी सतारमेकर गल्लीत आलो, तेव्हा दोन ठिकाणी नकार पचवून झाला होता. गिटार दिसायला साठीच्या दशकातली, वयानं मात्र पाच वर्षांची. अमेरिकेतल्या लिओ फेंडरनं 1951 साली पहिली प्रिसिजन बास गिटार काढली, 1957 मध्ये तिला दोन तुकड्यांचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारा भाग, बसवला. माझी त्याच घराण्यातली नक्कल. एका दुकानात नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, बदलायला दिला आणि त्यांनी खाचा इतक्या खोल घासल्या, की सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की झणझणायची.

तुम्ही आधी गिटार उलटी केली, टिचकी मारली आणि विचारलंत, "भोपळा कुठाय?" भरीव लाकूड बघून तोंड वाकडं केलंत. मग पिकअपला कानस चिकटली, तेव्हा कुठं खूश झालात. "म्हणजे आवाज लोहचुंबक धरतं!"

खरी पंचाईत पुढं. तुमच्याकडं जवारी काढायची म्हणजे तारेत झणकार आणायचा. घोडी घासायची, दोरा सरकवायचा, तार बोलेपर्यंत. मला नेमकी ती घालवायची होती. "उमर गेली माझी हे आणण्यात," म्हणालात, "आणि तू काढून टाक म्हणतोस?" पण दोष तुम्हालाच सापडला. तार पडद्यावर दाबली की स्वच्छ वाजते, मोकळीच झणझणते. म्हणजे पडदे ठीक, खोट नटात. हाडाची पट्टी घेऊन चार खाचा पाडायला तुम्हाला पाऊण तास लागला. दर दोन घासांनंतर कान लावायचात. घडवण्याइतकंच बिघडवण्याचं गणितही तुमच्या हातात आहे, हे मला तिथं बसून कळलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदावर हे कान कुठं लिहिणार?

वायरिंग मी घरी केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सपाट गुंडाळीच्या तारा चढवल्या. जुन्या बासच्या घोडीवरच्या झाकणाखाली स्पंज असायचा, सूर लांबू नये म्हणून. हे सांगितल्यावर तुम्ही गवसणीतला उरलेला तुकडा कापून तारांखाली सरकवलात आणि मान हलवत राहिलात. सूर मारायला स्पंज! पण बसला अगदी मापात. आता तार ठप् बोलते आणि गप्प होते, ढोलकीच्या धुमासारखी.

चारशे रुपये घेतलेत. पुण्याला नुसतं जाऊन यायलाच त्याहून जास्त लागले असते.

एक राहिलंच. तुम्ही ती फक्त कोरडी ऐकलीत, अँपवर नाही. पुढच्या गुरुवारी अँप घेऊन येतो. दुकानात प्लग एकच आहे आणि त्याला तुमचा पंखा. तेवढा अर्धा तास पंखा बंद ठेवा.