रोटरी टूलची करवत घेण्याआधी मिलिमीटर विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि घरगुती मखराचे साहित्य बदलले. थर्माकोलला गरम तार पुरत होती. आता पुठ्ठ्याबरोबर ४ मिमी प्लाय आणि ३ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) घरात आले आहे आणि त्यांना करवत लागते. या गरजेवर बोट ठेवून सणाच्या आधी एक वस्तू जोरात विकली जाते: रोटरी टूलच्या, म्हणजे कोरायला-घासायला वापरायच्या, वेगाने फिरणाऱ्या छोट्या हातयंत्राच्या, तोंडाला बसवायची छोट्या गोल पात्याची अटॅचमेंट. जाहिरातीत तिला ‘मिनी सर्क्युलर सॉ’ म्हणतात आणि चित्रात ती चांगली जाड फळी कापत असते. तिला ती फळी कापता येत नाही. ती काय कापते, किती खोल कापते आणि कोणाला परवडते, याबद्दल सणाच्या पुरवण्यांत कधी चार ओळी दिसत नाहीत, म्हणून हे पत्र.

अटॅचमेंट दिसायला साधी असते. एका टोकाला रोटरी टूलच्या नाकावर फिरवून बसणारी आट्यांची कॉलर, मध्ये गती काटकोनात वळवणारी गिअरची डबी, डबीच्या बाजूला सुमारे ३२ मिमी व्यासाचे दातेरी पाते आणि खाली फळीवर सरकणारी तळपट्टी. मोटर मात्र तुमच्याकडे आहे तीच राहते, आणि मर्यादा तिथूनच सुरू होते. ड्रेमेल या रोटरी टूलच्या कंपनीचे ३००० मॉडेल १३० वॉटचे आहे, ४००० मॉडेल १७५ वॉटचे. सुतार प्लाय कापायला वापरतो तो चार इंची मार्बल कटर बाराशे वॉटच्या आसपासचा असतो. रोटरी टूल मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेरे मारते हे खरे, पण दाते लाकडात रुतायला फेऱ्यांइतकाच रेटा लागतो आणि तो इथे नाही. त्यामुळे पाते अडकले की मार्बल कटर हातातून उसळी मारतो आणि रोटरी टूल केविलवाणे होऊन थांबते. सुरक्षेच्या दृष्टीने हे वाईट नाही, पण वारंवार असे थांबले तर आधी मोटरचे कार्बन ब्रश आणि मग तिची तारेची गुंडाळी जळते.

आता खोली. पाते ३२ मिमीचे, म्हणजे त्रिज्या १६. त्यातून डबीचा खाली येणारा भाग, मधल्या स्क्रूचे डोके आणि तळपट्टीची जाडी वजा करा, हाती सहा-साडेसहा मिमी उरतात. ड्रेमेलची ६७० क्रमांकाची अटॅचमेंट पाव इंचापर्यंतच्या, म्हणजे ६.४ मिमीच्या कापासाठी आहे, आणि कंपनी ते लपवत नाही. नकली मालाच्या पानावर मात्र हा आकडा बहुधा नसतोच, पात्याचा व्यास तेवढा ठळक छापलेला असतो. व्यास वाचून खोली ठरवू नका. कुठल्याही गोल करवतीत खोली व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे फारशी जात नाही, आणि एवढ्या छोट्या पात्यात ती पाचव्या हिश्श्यावर येते.

त्यातही सहा मिमी म्हणजे सहा मिमीचा प्लाय कापता येतो असे नाही. पाते फळीच्या खालून किमान एक मिमी बाहेर निघाले तरच काप स्वच्छ होतो. शिवाय हलक्या प्रतीचा ‘सहा मिमी’ प्लाय व्हर्नियर लावून पाहिला तर जागोजागी जाडी बदलते. म्हणून व्यवहारात ही अटॅचमेंट पाच मिमीची समजावी. ४ मिमी प्लाय, ३ मिमी एमडीएफ, सनमायका, पातळ बिडिंग पट्टी हे तिचे क्षेत्र. ९ मिमीची फळी दोन्ही बाजूंनी कापून बघणारे असतात, पण दोन काप एकमेकांवर बरोबर येत नाहीत, मध्ये पायरी राहते आणि ती रंध्याने काढत बसावे लागते. एवढे करायचे तर हातकरवतीने एकदाच कापलेले बरे.

मखरासाठी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट कागदावर काढून पाहावी: कमानीच्या आतला चौकोन. गोल पाते कोपऱ्यापर्यंत वर आणि खाली एकाच वेळी पोचत नाही. ३२ मिमी पाते ६ मिमी खोल सोडून ४ मिमी प्लाय कापला, तर वरच्या पृष्ठभागावर काप कोपऱ्याच्या रेघेला टेकतो तेव्हा खालच्या पृष्ठभागावर जवळपास ५ मिमी लाकूड जोडलेलेच असते. ते सोडवायला पुढे गेलात तर वर रेघेबाहेर चीर दिसते. यावर उपाय एकच: वरची रेघ गाठली की थांबायचे आणि उरलेले फ्रेट सॉने (चौकटीत ताणलेल्या बारीक पात्याच्या हातकरवतीने) तोडायचे. म्हणजे फ्रेट सॉ घरात हवाच. आणि वळणदार महिरप तर या पात्याने होतच नाही. चकती कापात जराशी तिरकी झाली तरी बाजूंना घासते, कडा तपकिरी पडते, जळका वास येतो.

ज्यांच्याकडे रोटरी टूल आहे आणि काम पातळ, सरळ व वारंवारचे आहे, त्यांना ही अटॅचमेंट खरोखर उपयोगाची आहे. वास्तुरचनेची मॉडेल्स करणारे, छोट्या पेट्या आणि ट्रे बनवणारे, भिंतीला लागलेली पट्टी न उखडता तिचा तुकडा काढणारे यांना ती हवीच असते. कपाटावर चिकटलेल्या सनमायकाचा खराब भाग चौकोनात कापून काढायचा असेल तर मोठे यंत्र आत शिरत नाही, हे शिरते.

विकत घेताना सगळ्यांत जास्त फसगत आट्यांत होते. ड्रेमेलच्या नाकाचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी, आणि इंचाला १२ आटे, म्हणजे एका आट्याचे अंतर २.१ मिमीहून किंचित जास्त. अनेक स्वस्त यंत्रांची नाके मेट्रिक असतात, अंतर २ मिमी किंवा त्याहून कमी. फरक इतका थोडा की कॉलर दोन-तीन फेरे झकास बसते आणि मग घट्ट होते. इथे माणसाला वाटते की पूर्ण बसली. तो पाना लावून आणखी आवळतो आणि प्लास्टिकच्या नाकाचे आटे कायमचे जातात. त्यानंतर त्या यंत्राला कुठलीच अटॅचमेंट सरळ बसत नाही. म्हणून पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जाताना आपले यंत्र पिशवीत न्यावे, कॉलर नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरते का ते काउंटरवरच बघावे. बोटांनी फिरली नाही तर ती तुमची नाही. ऑनलाइन घ्यायचे असेल तर आपल्या यंत्राच्या मॉडेलचा क्रमांक वर्णनात स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे; ‘सर्व रोटरी टूल्सना चालते’ या वाक्याला काही किंमत नाही.

माल हाती आला की पहिले काम प्लग काढलेला असताना करायचे. पाते दोन बोटांत धरून आडवे हलवा. जाणवण्याइतका खुळखुळाट असेल तर काप रुंद आणि वाकडा येणार. हाताने पूर्ण फेरा फिरवा. एखाद्या ठिकाणी अडखळत असेल तर गिअरचा दात खराब आहे. तळपट्टीवर गुण्या ठेवून पाते काटकोनात आहे का ते पाहा, कारण बहुतेक स्वस्त नगांत तळपट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि ती नंतर सरळ करता येत नाही. मग यंत्र जोडून, माहितीपत्रकात दिलेल्या कमाल वेगाच्या आत, एक मिनिट रिकामे चालवा आणि डबीला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर आत ग्रीस नाही किंवा गिअर चुकीचे बसले आहेत. परत करा, आणि परतीची मुदत संपायच्या आत करा.

बसवण्याची रीत छोटी आहे, पण क्रम चुकतो. आधी प्लग काढायचा. शाफ्टचे (फिरणाऱ्या दांड्याचे) बटण दाबून कॉलेटचा, म्हणजे हत्याराची दांडी पकडणाऱ्या चिमटीचा, नट सोडवायचा, नाकावरची टोपी काढायची, अटॅचमेंटबरोबर आलेला जोडतुकडा शाफ्टवर बसवायचा आणि शेवटी कॉलर. शाफ्टचे बटण यंत्र फिरत असताना दाबले की आतली खिट्टी तुटते. ही दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीकडे जाते.

कापताना फळी दोन ठिकाणी शिकंज्याने टेबलाला आवळलेली हवी आणि कापाची रेघ टेबलाच्या बाहेर. हातानेच सरळ जाईल या भ्रमात राहू नये. तळपट्टीच्या कडेपासून पात्यापर्यंतचे अंतर रद्दी तुकड्यावर एक काप घेऊन मोजावे, तेवढ्याच अंतरावर सरळ पट्टी आवळावी आणि तळपट्टी तिला घासत न्यावी. यंत्राला पूर्ण वेग आल्यावरच पाते लाकडात सोडायचे. किती जोरात ढकलायचे याचे माप कानात आहे: मोटरचा सूर खाली उतरू लागला की हात सैल करायचा. मात्र फार हळू गेले तरीही पाते एकाच जागी घासून लाकूड जाळते. भुसा पिठासारखा उडत असेल तर ढकलण्याचा वेग कमी पडतो आहे किंवा दाते बोथट झाले आहेत. बारीक चुरा पडला पाहिजे. प्लायमधला डिंक दात्यांवर बसतो आणि पाते धारदार असूनही बोथटासारखे वागते, तेव्हा ते फेकण्याआधी रॉकेलात बुडवून पितळी ब्रशने घासून, कोरडे पुसून पाहावे.

टवके कुठे उडतील हे पात्यावरचा बाण सांगतो. दाते ज्या पृष्ठभागातून बाहेर पडतात तिथे लाकूड फाटते. दाते खालून वर येत असतील तर चांगली बाजू खाली ठेवा आणि वरच्या रेघेवर मास्किंग टेप लावा. सनमायका लावलेल्या तुकड्याला तर टेप हवीच. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ असते; एन-९५ मास्क आणि बाजूने बंद असलेला गॉगल याला पर्याय नाही.

अटॅचमेंट महाग वाटली की लोक एका वाईट गोष्टीकडे वळतात: सहा पात्यांचे पाकीट आणि ३.२ मिमीचा दांडा. ही पाती थेट कॉलेटमध्ये लावायची, ना तळपट्टी ना झाकण. पाकिटात ५० मिमीपर्यंतचे पाते असते. तीस हजार फेऱ्यांना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ७८ मीटरच्या पुढे जातो. बारा हजार फेऱ्यांच्या मार्बल कटरचे ११० मिमी पाते ६९ मीटरवर असते, तेही झाकणाखाली. एवढे पाते पेन्सिलीहून बारीक दांड्यावर फिरते, दांडा जरा वाकला की थरथर वाढते आणि पुढचे सांगायला नको. पाकिटावर कमाल फेऱ्या छापलेल्या नसतील तर ते घेऊच नये. ग्राइंडरला चेनसॉची पट्टी लावून विकतात तो प्रकार याहून वाईट. त्यात मूळ चेनसॉला असतो तसा साखळीचा ब्रेक नसतो, आणि ग्राइंडरचे सरकते बटण चालू स्थितीत अडकून राहते. यंत्र हातातून निसटले तरी साखळी फिरतच राहते.

खर्चाचा विचार करताना अटॅचमेंटची किंमत एकटी धरू नका. दोन जादा पाती, टपाल आणि शिकंजे मिळवा. ही बेरीज साध्या घरगुती जिगसॉच्या (वर-खाली हलणाऱ्या सरळ पात्याच्या विजेच्या करवतीच्या) किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर जिगसॉ घ्यावा. चारशे-पाचशे वॉटचा जिगसॉ ४ मिमी प्लायही कापतो आणि दोन इंची फळीही, शिवाय वळणेही घेतो. जादा पाती मिळतात का हे आधी विचारून घ्या, कारण मधले भोक बनावटीनुसार वेगळे असू शकते आणि पाती संपली की अटॅचमेंट पेपरवेट होते. दुसरीकडे, वर्षातून एकदा मखर करणाऱ्याला दोन्हींची गरज नाही. फ्रेट सॉ, बारीक दात्यांची एक हातकरवत आणि लोखंडी पट्टी यांत घरगुती मखर उभे राहते. जाळीचे एकच नक्षीकाम बारा वेळा हवे असेल तर लेझर कटिंगवाल्याला फाइल द्यावी. ३-४ मिमी एमडीएफवर त्याच्याइतकी सफाई कुठल्याच पात्याला येत नाही. फक्त कडा काळपट येतात हे रंगाचा विचार करताना लक्षात ठेवावे.

‘ड्रेमेल सॉ-मॅक्स’ नावाचे यंत्र दिसले तर ते या वर्गातले नाही. ते अटॅचमेंट नसून स्वतःची मोठी मोटर असलेले वेगळे यंत्र आहे, पाते ३ इंची, काप पाऊण इंचापर्यंत. काही विक्रेते चित्र त्याचे लावतात आणि डब्यात भलतेच पाठवतात. असे झाल्यास वर्णनाच्या पानाचे चित्र आणि डब्याचा फोटो जपून ठेवून आधी विक्रेत्याकडे आणि दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आपल्या पुरवणीत अशा अवजारांची ओळख येते तेव्हा किमतीशेजारी चार आकडे छापावेत, एवढीच विनंती: कापाची खोली मिमीमध्ये, पात्याचा व्यास व भोक, पात्याचे कमाल फेरे आणि कॉलरचे आटे. विक्रेत्याकडे हे आकडे नसतील तर ‘दिले नाहीत’ असे छापावे. वाचक पुढचे ठरवतील.

आपला,
एक वाचक, पुणे